आसवांइतकं खारट

आमच्या सरांना दोन गोष्टींची भयंकर हौस: मुलं बरी करायची आणि त्याच मुलांवर पेपर लिहायचा. यात वाईट काहीच नाही. मलाही तेच शिकायचं होतं. लहान मुलांची डॉक्टर तर व्हायचंच, पण आजार का होतो हे शोधून काढणारीही व्हायचं, या खुळापायी मी मुंबईतली बरी जागा सोडून पेणच्या त्या छोट्या रुग्णालयात आले. ते रुग्णालय आता बंद पडलं आहे. बरं झालं.

निम्मा आठवडा वॉर्ड, निम्मा आठवडा गावं, अशी आमची विभागणी होती. सर म्हणायचे, "वॉर्डात तू डॉक्टर. गावात तू नुसते डोळे. डोळ्यांना तोंड नसतं."

"मग मला कशाला घेतलंत, एखादा कॅमेरा घ्यायचा होता," असं मी म्हटलं की त्यांना हसू यायचं. रोह्याची पोरगी, तोंडाळ असणारच, असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. पाहुणे गेले की सांगायचे, जरा कमी बोल.

आमचा अभ्यास होता जुलाबांवर. जुलाब लागलेल्या बाळाला पाजायची पाकिटं गावात मिळतात, पण नेमकी संपतात तेव्हा आई काय करते? घरीच साखर-मीठ-पाणी करते. ते बरोबर होतं का? प्रश्न चांगला होता, आजही मी तो चांगलाच म्हणेन. त्यासाठी आम्ही आधी आयांना शिकवायचो. उकळून गार केलेलं पाणी पेलाभर, साखर चमचाभर, मीठ चिमूटभर. आणि शेवटी चाखून बघायचं: डोळ्यातल्या पाण्याइतकंच खारट लागलं पाहिजे. त्याहून खारट लागलं तर ओतून द्या, नवं करा. ही युक्ती काही आमची नाही, सगळीकडे अशीच शिकवतात. सोपी आहे, अक्षरओळख लागत नाही, आणि जीभ काय, प्रत्येकीला असतेच.

पेणच्या खाडीकाठच्या एका मिठागराच्या गावात शिकवणीला मीही गेले होते. शिकवत होता माझ्याबरोबरचा डॉक्टर, सरांचा लाडका, केस चापून बसवलेला, नाकासमोर चालणारा. तो म्हणाला, "ताई, आसवांइतकं खारट."

एक म्हातारी म्हणाली, "आसवांची चव कुनाला ठाव? रडाया टाइम कुठं हाय?"

दुसरी तिला कोपरानं ढोसून म्हणाली, "जा गो, आज घरी जाऊन दादल्याला सांग, मार म्हनावं. मंग चव घे नि उद्या येऊन सांग."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तो बिचारा लाल झाला आणि फळ्यावरचं चित्र दाखवू लागला. पुढच्या रांगेत एक तरुण बाई मांडीवर आठ-नऊ महिन्यांची मुलगी घेऊन बसली होती. ती हसली नाही. ती त्याचं प्रत्येक वाक्य ओठांनी पुन्हा म्हणत होती, शाळेत पाढे म्हणतात तशी. सांगितलेलं अक्षरशः पाळणारी बाई होती ती. हे लक्षात ठेवा, कारण पुढं तिला वेंधळी म्हणणारे पुष्कळ भेटतील.

शिकवणीनंतर काही आठवड्यांनी घरोघर जायचं, आईला "करून दाखवा" म्हणायचं, आणि तिनं केलेलं पाणी छोट्या बाटलीत भरून, घराचा नंबर टाकून फ्रीजमध्ये ठेवायचं. सगळ्या गावांच्या बाटल्या जमल्या की एकदम तपासायच्या. तोवर आईला चूक का बरोबर काही सांगायचं नाही. सांगितलं की ती शेजारणीला सांगणार, शेजारीण जावेला सांगणार, आणि सरांचा आकडा बिघडणार.

यावरून माझं नि सरांचं चांगलंच वाजलं होतं. मी विचारलं, "एखादी मुठीनं मीठ घालत असली तरी बघत बसायचं?"

"बघायचं नाही, मोजायचं," सर म्हणाले. "सगळीकडे दुरुस्तीच करत फिरलीस तर मोजणार काय? बाटल्या तपासून झाल्या की सगळ्यांना एकदम शिकवू."

"आणि तोपर्यंत जुलाब थांबतात का सर, बाटल्या तपासायची वाट बघत?"

त्यांनी माझ्याकडची खाडीची गावं काढून घेतली आणि मला रोह्याकडची दिली. निडी, वरसे, तिकडची. शेती करणारी, कंपनीत शिफ्टला जाणारी माणसं. मी तिथं प्रत्येक घरचं पाणी स्वतः चाखायचे. एखाददुसऱ्या ठिकाणी खारट लागलं की तिथल्या तिथं मोरीत ओतायला लावायचे. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. तुझी गावं निकालातून वगळू." माझी अख्खी मेहनत त्यांनी दोन शब्दांत केरात टाकली, आणि वर मला चहा विचारला.

पेणला मी वॉर्डापुरती यायचे. उन्हाळा तापला होता, मिठागरांचा हंगाम जोरात होता, आणि सकाळच्या फेरीला एक बाळ आलं. झटके येत होते. आई तीच, पुढच्या रांगेतली. पाठोपाठ सासू, तोंडाचा पट्टा चालू.

झटके थांबवायचं औषध दिलं. झटके तेवढ्यापुरते थांबले. जुलाबानं सुकलेल्या मुलाची कातडी चिमटीत धरली की उभी राहते. हिची तशी नव्हती. हाताला मळलेल्या कणकेसारखी लागत होती. डोळे टक्क उघडे, रडणं चिरकं, आणि ओठाला ओला कापूस लावला तर तो ओढून घेत होती. मला काय समजायचं ते समजलं. रक्त पाठवलं आणि आईला विचारलं, "काय पाजलंत?"

"तुमीच शिकवलं त्ये," ती म्हणाली. "साखर-मिठाचं पानी. जरा जुलाब झाला की पेला, परत झाला की परत पेला. अजिबात खंड नाय पाडला, बाई."

"करून दाखवा."

वॉर्डाच्या ओट्यावर तिनं करून दाखवलं. पेला बरोबर, साखर बरोबर. मीठ घातलं, ढवळलं, बोट बुडवून चाखलं. तिचं समाधान झालं नाही. तिनं आणखी मीठ घातलं. चाखलं. आणखी थोडं घातलं. मग मान हलवून म्हणाली, "झालं. आसवांइतकं."

मी चाखलं आणि बेसिनकडे धावले. अरे देवा! खाडीचं पाणी परवडलं.

आता यात अक्कल लागते असं काही नाही. तिच्याकडे एकदा नीट बघायला हवं होतं, बस. दिवसभर या बायका डोक्यावर ओल्या मिठाच्या टोपल्या वाहतात. टोपलीतून खारं पाणी कपाळावर ओघळतं, कपाळावरून ओठांवर, आणि पुसायला हात मोकळे नसतात. हंगामभर जीभ त्यातच बुडालेली. जेवायला भाकरीबरोबर सुकट, तीही खारी. अशा जिभेला आम्ही सांगितलं होतं, चाख आणि ठरव. तिनं चाखलं आणि ठरवलं. तिच्या जिभेला ते पाणी खरोखर आसवांइतकंच लागत होतं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

रक्ताचा रिपोर्ट आला. मिठाचा आकडा बघून तपासणाऱ्या बाईनं मशीन बिघडलंय समजून परत तपासलं होतं.

मग मी ते केलं जे कुणी आधी करायला हवं होतं. वॉर्डाबाहेरच्या बोळात आमचा अभ्यासाचा फ्रीज होता. उघडला. तिच्या घराच्या नंबरची बाटली रांगेत उभी होती, स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लावलेली. लाडक्यानं मागच्या महिन्यात तिच्या ओट्यावर बसून ती भरून आणली होती. तिनं त्याच्यासमोर असंच चाखलं होतं, असंच मीठ वाढवलं होतं, आणि त्यानं तिला "छान" म्हणून चहा घेतला होता. ती बाटली आणि आईनं ओट्यावर केलेलं पाणी, दोन्ही मी आमच्याच मशीनवर तपासून घेतली. अर्धा तास लागला. दोन्हीत मीठ जवळपास सारखंच.

मी त्याला बोळातच गाठलं. "तुला दिसलं नाही? ती परत परत मीठ घालत होती!"

"दिसलं ना," तो म्हणाला. "मी नोंदही केली. पण बोलायचं नव्हतं ना आपल्याला."

त्याच्या मनात खोट नव्हती, हेच भयंकर होतं. नियम पाळणाऱ्या मुलाचा तो निरागस चेहरा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात दुष्ट दिवस होते, आणि दुष्टपणा माझ्या हातून होत होता. रक्तात इतकं मीठ चढलं की ते उतरवायचं हळूहळू. घाईनं पाणी दिलं तर मेंदूला सूज येते आणि पोर हातातून जाते. म्हणजे तहानेनं वेडं झालेलं लेकरू समोर, आणि पाणी द्यायचं थेंबाथेंबानं, मोजून. ती आईच्या हातातल्या बाटलीकडे बघून हात पाय झाडायची. तिची जीभ कोरडी होऊन टाळ्याला चिकटायची. सासू ओरडायची, "तान्ह्या जीवाला पानी देत नाय, कसायांनो!" मी त्यांची पाण्याची बाटली उचलून माझ्या टेबलाखाली ठेवली आणि म्हटलं, "मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण बाटलीला हात लावाल तर बाहेर काढीन."

आईनं मात्र एकदाही पाणी मागितलं नाही. मी थेंब मोजायचे आणि ती माझ्या हाताकडे बघत राहायची. एकदाच हळू आवाजात म्हणाली, "आधी म्हनाला पाजा, पाजा. आता म्हनता नको पाजू. आमी तुमचं समदं ऐकतो, बाई." तिला टोमणा मारायचा नव्हता. पण मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी सर आले. बाळ तपासलं, नीट तपासलं, त्यांचा हात चांगलाच होता. औषधाच्या मात्रा बघितल्या, एक बदल सुचवला, तोही बरोबरच होता. मग रिपोर्ट आणि बाटलीचा आकडा शेजारी शेजारी धरून त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "अगं, हे सोनं आहे! जिभेचा फरक! हे आजवर कुणी मांडलं नसेल. हेच पाणी घेऊन रोह्याकडं जा. तिकडच्या बायकांच्या जिभेला नुसतं लाव आणि विचार कसं लागतं. मग खाडीकाठच्या बायकांना."

"बाळ मार्गी लागेपर्यंत मी इथून हलणार नाही," मी म्हटलं.

"बाळाला मी आहे की."

"तुम्ही तर आधीपासूनच होता, सर."

सरांनी मग लाडक्याला पाठवलं. तो निडीला जाऊन आला. तिथल्या बायकांनी जिभेला थेंब लागताच थू थू केलं. एकीनं विचारलं, "मेल्या, आमाला काय लोनचं समजलास?" तेच पाणी खाडीकाठच्या बायकांनी चाखलं आणि म्हणाल्या, "बरोबर हाय की." निकाल असा लख्ख की सरांनी खुशीत सगळ्या स्टाफला भजी मागवली. ती भजी खाताना वॉर्डातून त्या पोरीचं चिरकं रडणं ऐकू येत होतं. कुणीतरी मधलं दार लावून घेतलं.

पोर जगली. आकडा हळूहळू खाली आला, झटके थांबले, तिनं अंगावर प्यायला सुरुवात केली. सासूनं वॉर्डात साखर वाटली. मी दोन हातांनी साखर खाल्ली, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, सुटलो सगळे.

मग आईनं तिच्यासमोर खुळखुळा वाजवला. पोरीनं आवाजाकडे मान वळवली, पण डोळे वळले नाहीत. ते छताकडेच होते. आईनं खुळखुळा न वाजवता डोळ्यांपुढून फिरवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. परत फिरवला. माझ्याकडे बघितलं.

पनवेलला नेऊन डोक्याचा फोटो काढून आणला. मेंदूत मागच्या बाजूला रक्त साकळलं होतं. दिसण्याचं काम जिथं चालतं, तिथं.

सर म्हणाले, "आईला सांगताना जपून सांग. द्रावण तयार करताना आईकडून चूक झाली, एवढंच. पेपरमध्येही आपण तसंच म्हणू: आईची चूक, कारण चवीची सवय. कुणाला दोष नाही."

"आईची चूक म्हणता आणि दोष नाही म्हणता?"

"शब्द आहेत गं ते," सर म्हणाले. "एवढं काय मनाला लावून घेतेस."

मी मनाला लावून घेतलं. सासू जेवण आणायला घरी गेली होती, तेव्हा मी आईजवळ बसले आणि सरळ सांगितलं. की मुलीला दिसणार नाही, निदान नीट दिसणार नाही. की तिचं काहीही चुकलेलं नाही. की आम्ही शिकवलं तसंच तिनं केलं, आणि आमची शिकवणच तिच्या जिभेसाठी चुकीची होती. की तिनं केलेलं पाणी महिनाभर आमच्या फ्रीजमध्ये पडून होतं, कुणी चाखून बघितलं असतं तरी कळलं असतं. आणि हे मी तिच्या नवऱ्यासमोर, सासूसमोर, गावासमोर, जिथं म्हणेल तिथं सांगायला तयार आहे.

ती ऐकत होती. शिकवणीत ऐकायची तशीच, ओठ हलवत. मग पोरीच्या डोळ्यांवर आलेली माशी तिनं हाकलली. पोरीनं पापणी लववली नव्हती.

"कुनाला सांगू नका," ती म्हणाली.

"अगं, का? उगाच का तू बोल खातेस?"

"सासूला सांगाल की डॉक्टरांनी चुकीचं शिकवलं, तर ती परत ह्या दारात पाय ठेवू देनार नाय. माझी मोठी पोर हाय घरी. नि पोटात हाय एक, तिला अजून ठाव नाय." तिनं पदर नीट केला. "माझी चूक म्हनलं तर ती शिव्या देईल. देऊ दे. शिव्या देऊन ती गप होते. दवाखान्यावरचा तिचा इस्वास गेला तर माझी बाकीची पोरं मरतील."

मी म्हटलं, हे बरोबर नाही. मी म्हटलं, मी समजावीन त्यांना. मी खूप काही म्हटलं. बोलण्यात मी कधी हार जात नाही.

ती म्हणाली, "तुमी एकदा समजावलंच की आमाला."

तेवढ्यात सासू डबा घेऊन आली. सुनेचा चेहरा बघून तिला समजलंच. खुळखुळा उचलून तिनं नातीच्या डोळ्यांपुढून फिरवला, दोनदा फिरवला, आणि मटकन खाली बसली. मग तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला. "काय केलंस गो माझ्या नातीचं? काय पाजलंस?"

"माझीच चूक झाली," सून म्हणाली. मोठ्यानं, सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं. "मीठ जास्त पडलं माझ्या हातनं." हे म्हणताना ती सासूकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि तिची नजर मला गप्प राहा म्हणत होती.

सासूनं तिला तोंडाला येईल ते म्हटलं. हात जळले का नाहीत तुझे, इथपासून सुरू करून माहेरापर्यंत पोचली. दारात सर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान दिसलं. ते मी कधी विसरणार नाही.

शिव्या संपल्या. म्हातारी दमली, डोळे पुसले, डबा उघडला आणि सुनेसमोर भात सारला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हिला परत शिकवा. नीट शिकवा. हिच्या डोक्यात काय शिरत नाय."

मी पेला आणला, चमचा आणला, साखर, मीठ. तिनं पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवत सगळं ऐकून घेतलं. मी सांगितलं तसं, चमच्यानं मोजून, तिनं पाणी केलं. ढवळलं. सवयीनं तिचं बोट पाण्यात बुडालं आणि ओठांपर्यंत गेलं. तिथंच थांबलं. तिनं ते साडीला पुसलं आणि पेला माझ्यापुढे धरला.

"तुमी सांगा, बाई."

मी चाखलं. "बरोबर आहे," मी म्हटलं.

"बघ गो," सासू म्हणाली. "असं घालायचं असतं मीठ."

"व्हय," ती म्हणाली, आणि भात कालवू लागली.